मधल्या घराचं कडवं

यांगझोमला तुम्ही तिच्या गावाचं नाव विचारलंत, तर ती आधी तुम्हालाच विचारील, की ते तुम्हाला कशाला हवंय. तुम्ही कारण सांगितलंत, तर ती ते चार ठिकाणी पडताळून पाहील. आणि ते खरं निघालं की मग तिला खरा संशय येईल, कारण तिच्या मते सरळ माणूस कारण सांगताना थोडा तरी अडखळतो. कॅनडाच्या कागदांवर तिचं एक गाव आहे, नेपाळातल्या जुन्या कार्डावर दुसरं, आणि टोरांटोच्या पार्कडेल वस्तीतल्या तिबेटी म्हाताऱ्यांच्या मंडळाच्या वहीत तिसरं. तिन्ही खोटी. खरं कुठलं, ते इथंही सांगत नाही. तिला कळलं तर ती पुन्हा दारात उभं करायची नाही.

दारात उभं राहणं हीसुद्धा साधी गोष्ट नव्हती. अकराव्या मजल्यावर मुलगा, सून आणि नात डेकी यांच्याबरोबर ती राहायची. दार वाजलं की आधी भोकातून बघायची, समोरचा माणूस स्वच्छ दिसला तरी आतून विचारायची, "कोण?"

"मी फुर्बू."

"कुठला फुर्बू?"

"अगं बाई, काल तुझ्याकडे जेवून गेला तो फुर्बू!"

"काल काय जेवलास?"

"थुक्पा."

"कशाचा?"

"मुळ्याचा! आणि मीठ कमी होतं! आता उघडतेस का मी लिफ्टनं परत जाऊ?"

मग कडी निघायची. फुर्बू हा नवव्या मजल्यावरचा विधुर म्हातारा. वीस वर्षांची ओळख होती, पण ओळख असली म्हणून काय झालं, असं यांगझोमचं म्हणणं.

लोक तिला हसत, पण फार मोठ्यानं हसत नसत. कारण त्या इमारतीतल्या बहुतेक घरांत एक असा फोन होता, ज्यावर फक्त हवापाण्याच्या गप्पा होत. यांगझोमचा फोन दोन-तीन महिन्यांतून एकदा, सकाळी सातला व्हायचा. तेव्हा तिकडे तिबेटात संध्याकाळचे सात असत, आणि धाकटी बहीण ल्हाकी कामं आटपून बसलेली असे.

"आचा, बरी आहेस?" ल्हाकी विचारायची. आचा म्हणजे थोरली बहीण.

"बरी आहे. हवा कशी तिकडे?"

"छान. दोन दिवस वारा होता, आता नाही. तुझ्याकडे?"

"बर्फ वितळतंय."

तेहेतीस वर्षं हेच. यात्रेच्या निमित्तानं यांगझोम नेपाळात आली ती परत गेली नाही. काठमांडूत गालिचे विणले, टोरांटोत एका हॉटेलच्या चादरी धुतल्या, नवरा जाळला, मुलाचं लग्न केलं. यातलं ल्हाकीला काय कळलं असेल? नवरा गेला तेव्हा यांगझोम म्हणाली होती, "इकडे फार थंडी पडली गं." आणि ल्हाकी तिकडे हुंदका आवरत म्हणाली होती, "अंगावर घे, आचा. अंगावर घे."

भिंतीला कान असतात म्हणतात. त्या फोनला ते होतेच, याबद्दल दोघींना शंका नव्हती. यांगझोमच्या इमारतीतल्या एका बाईनं परदेशातल्या लग्नात घेतलेला फोटो इंटरनेटवर टाकला, आणि महिन्याभरात तिच्या भावाला तिकडे चौकशीला बोलावलं. तो परत आला, पण पुन्हा कधी फोनवर आला नाही. ल्हाकीचा मुलगा गावच्या शाळेत मास्तर होता. चिनी सरकारची नोकरी. मावशी कुठे आहे आणि काय बोलते, यावर ती नोकरी टांगलेली होती. म्हणून यांगझोम बोलतच नसे. कुणाला ताकास तूर लागू द्यायची नाही, हा तिनं धर्मच केला होता.

अशा घरी जिग्दल आला.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. तिशीचा, सडपातळ, कर्नाटकातल्या तिबेटी निर्वासितांच्या वसाहतीत जन्मलेला, आणि तिबेटी बोलताना मध्येच हिंदी शब्द टाकणारा. क्वीन स्ट्रीटवरच्या एका मोमोच्या दुकानात काम करायचा. त्याला पाठवलं होतं रविवारच्या शाळेच्या नोर्झिन बाईंनी. मुलांना शिकवायला म्हाताऱ्यांकडची गावोगावची गाणी गोळा करून त्यांचं पुस्तक काढायचं होतं. नोर्झिनचं नाव ऐकून यांगझोमनं कडी काढली, आणि तिथून पुढचं एकही पाऊल तिला आवडलं नाही.

पहिलं म्हणजे, चहा विचारल्यावर तो लगेच "हो" म्हणाला. तिबेटी माणूस तीनदा नको म्हणतो आणि मग घेतो. दुसरं म्हणजे, त्याचा फोन. भांडी घासणाऱ्याच्या हातात शोभणार नाही असा मोठा, चकचकीत. तो त्यानं टेबलावर तिच्या तोंडासमोर ठेवला.

"मो-ला, यात आवाज धरला जातो. घाबरू नका," तो म्हणाला. मो-ला म्हणजे आजी.

"मी घाबरले असं कुणी सांगितलं तुला?"

"नाही, तसं नाही... तुम्हाला छप्पर ठोकायचं गाणं येतं, असं नोर्झिन गेन-ला म्हणाल्या."

"येत होतं कधीतरी."

"कुठल्या गावचं?"

आली गाडी रुळावर, यांगझोम मनात म्हणाली. "थांगकरचं," ती बोलून गेली. थांगकर म्हणजे पांढरं माळरान. अशी गावं तिबेटात पैशाला पासरी.

"कुठल्या खोऱ्यातलं थांगकर?"

"माळावरच्या थांगकरचं. चहा घे, निवतोय."

आता हे गाणं काय होतं ते सांगायला हवं. त्यांच्याकडे घराला मातीचं धाबं असतं. ओली माती पसरायची आणि बाया-पुरुषांनी दोन रांगा करून, हातात दगड बांधलेल्या लांब काठ्या घेऊन ती ठोकायची, चार पावलं पुढे, चार मागे, तळव्यासारखी गुळगुळीत होईपर्यंत. हे काम चार-चार दिवस चालायचं आणि गाण्याशिवाय व्हायचं नाही. यांगझोमच्या गावच्या गाण्याला पाच कडवी होती, कारण गावात पाच घरं होती. प्रत्येक कडव्यात एक घर: घराचं नाव, त्या घराची खूण, आणि शेवटी त्या घराला आशीर्वाद. गाणं कसलं, ती शिरगणतीच होती. ते ऐकून परका माणूस डोळे मिटून गावात शिरला असता आणि पाहिजे त्या दारात उभा राहिला असता. तिसरं, मधलं घर, यांगझोमचं. आज त्यात ल्हाकी आणि तिचा मास्तर मुलगा राहत होते. आणि त्या घराची जी खूण कडव्यात होती, ती अख्ख्या खोऱ्यात दुसऱ्या कुठल्या घराला नव्हती.

यांगझोमनं घसा खाकरला आणि पहिल्या घराचं नाव गिळून टाकलं.

वरल्या घराच्या छतावरी
दगड पडे तालावरी,
माती बसो, घर वसो,
धनी हसो दारावरी.

जिग्दलचे डोळे असे चमकले, की तिचा संशय आणखी पक्का झाला. गाणं ऐकून कुणाचे डोळे इतके चमकतात का?

"मो-ला, हे फार... पुढे? पुढे प्रत्येक घराचं आहे ना? घरांची नावं असतील ना? कोण राहायचं कुठल्या घरात? तुमच्या गावातून कुणी बाई वसाहतीत आली होती का, लग्न होऊन वगैरे?"

बास. गाणी गोळा करणाऱ्याला घरात कोण राहतं ते कशाला हवं? तिच्या मनात पाल चुकचुकली, आणि आता ती चुकचुकतच राहिली. दुसऱ्या घराचं नाव तिनं असंच उडवलं. तिसऱ्याशी आली तेव्हा नुसतं नाव उडवून भागणार नव्हतं, खूणही मोडायला हवी होती. मग तोंडाला येईल ते गायली.

मधल्या घराच्या छतावरी
बकरी चढे शिडीवरी,
माती बसो, घर वसो,
बकरी बसो चुलीवरी.

जिग्दल खळखळून हसला. "बकरी चुलीवर?"

"आमच्याकडच्या बकऱ्या तशाच होत्या," यांगझोम तोंडावरची माशी न हलवता म्हणाली.

तो गेल्यावर तिनं त्याचा कप दोनदा धुतला.

पुढच्या बुधवारी, मंडळात फेराच्या नाचासाठी सगळे जमले होते, तेव्हा फुर्बूनं विचारलं, "कसा आहे गं तो पोरगा? उद्या माझ्याकडे येतोय म्हणे."

"मी काही म्हणत नाही हं," यांगझोम म्हणाली. असं म्हणणारी बाई पुढे काय म्हणणार ते सगळ्या जगाला ठाऊक असतं. "पण फोन पाहिलास त्याचा? आणि गाण्यापेक्षा घरात कोण राहतं याचीच चौकशी जास्त. आपल्याला काय करायचंय म्हणा. फक्त डोळे उघडे ठेवावेत माणसानं."

"म्हणजे तो... तिकडचा?"

"असं मी म्हटलं का?"

नव्हतं म्हटलं. तिनं नुसती काडी टाकली होती. आठवड्याभरात ती तेराव्या मजल्यापासून तळघरातल्या धुलाईखोलीपर्यंत पोचली. जिग्दलला दारं बंद होऊ लागली. कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाचा घसा बसला. मिठाच्या तांड्याची सगळी गाणी पाठ असलेला सामदुप म्हणून एक म्हातारा होता. त्यानं कळवलं, की दात फार दुखतायत, गाता येणार नाही. सामदुपच्या तोंडात तेव्हा एकही दात नव्हता. त्याच हिवाळ्यात तो गेला, आणि तांड्याची गाणी त्याच्याबरोबर गेली.

जिग्दलनं कुणाला जाब विचारला नाही. बुधवारी येणं बंद केलं आणि मोमोच्या दुकानात मान खाली घालून काम करत राहिला. साठ गाण्यांचं व्हायचं पुस्तक अकरा गाण्यांचं निघालं. त्यात एक होतं, 'थांगकर गावचं छप्पर-गाणं'.

यांगझोमला तेव्हा वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर नाही. ती खूश होती. बहिणीच्या दाराकडे जाणारी वाट तिनं बुजवली होती.

पण गाण्याला पाय फुटतात. रविवारच्या शाळेत मुलांनी हातात झाडूचे दांडे घेतले, दोन रांगा केल्या, आणि अकरा गाण्यांतलं हेच त्यांना आवडलं. त्यातही तिसरं कडवं. "बकरी बसो चुलीवरी" झालं की सगळी पोरं एका सुरात "बें-बें" करायची. लोसारला, म्हणजे नव्या वर्षाला, ते मंचावर झालं आणि टाळ्यांनी सभागृह दणाणलं. दुसऱ्या वर्षी लोकांनीच मागितलं. सात वर्षांच्या डेकीला तर शाळेत सगळे बकरी म्हणू लागले, आणि तिला त्यात भूषण वाटायचं. पुढे नोर्झिन बाई यांगझोमलाच बोलवायला लागल्या, ठेका चुकायला नको म्हणून. दर वर्षी दोन महिने, दर रविवारी, यांगझोम पोरांपुढे उभी राहून बकरी शिडीवर चढवायची. सहा वर्षं तिनं ती चढवली.

या लोसारच्या आदल्या दिवशी तिबेटी समाजाच्या भवनाच्या स्वयंपाकघरात ती आणि नोर्झिन मुळे किसत बसल्या होत्या. फुर्बू दोन वर्षांपूर्वी गेला होता, आणि छप्पर-गाणी येणाऱ्यांत आता यांगझोमच उरली होती. बोलता बोलता नोर्झिन म्हणाली, "जिग्दलला यंदा बोलावलं होतं मी. नाही म्हणाला. बिचाऱ्याला त्या वेळी काय भूत लागलं होतं छप्पर-गाण्यांचं!"

"का?" यांगझोमनं किसणी थांबवली.

"तुम्हाला माहीत नाही? त्याची आई तो दहा वर्षांचा असताना गेली. ती काम करताना एक छप्पर-गाणं गुणगुणायची. शब्द याला आठवत नाहीत, नुसता पायाचा ताल आठवतो. आईचं गाव कुठलं तेही धड माहीत नाही. म्हणून तो प्रत्येक म्हातारीला विचारत फिरायचा, की तुमच्या गावातून कुणी वसाहतीत आलं होतं का. आणि लोकांनी त्याला..." नोर्झिननं पुढचा मुळा उचलला. ती भली बाई होती. लोकांनी म्हणजे कुणी, हे तिला ठाऊक होतं की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना.

असल्या गोष्टी रचताही येतात, असं यांगझोमनं स्वतःला सांगून पाहिलं. सवयच ती. पण या वेळी तिचा तिलाच विश्वास बसेना. मुळे किसताना तिचं बोट कापलं.

आणि पंधरा दिवसांनी डेकीनं उरलंसुरलं पुरं केलं. ती आता पंधरा वर्षांची झाली होती, आणि शाळेत 'माझं कुळ' असा काहीतरी प्रकल्प होता.

"मो-ला, आपलं घर यातलं कुठलं?" तिनं गाण्याचं पुस्तक पुढे धरलं.

"मधलं," यांगझोमच्या तोंडून निघून गेलं. खरं उत्तर! कित्येक वर्षांत पहिल्यांदा.

"म्हणजे बकरीवालं? अय्या! म्हणजे मी खरीच बकरी! थांब, लिहिते. आम्ही थांगकर गावच्या बकरीच्या घरचे. आमच्या घरी बकऱ्या चुलीवर बसत."

"हे लिहू नकोस."

"का? पुस्तकात छापलंय की. तूच तर गायलीस."

पोरगी मान वाकवून लिहीत होती, आणि तिच्या तिबेटी अक्षराला वळण छान होतं. त्या छान वळणात ती एका नसलेल्या गावचं नसलेलं घर आपलं म्हणून लिहीत होती. बहिणीला वाचवता वाचवता आपण नातीला घराबाहेर काढलं, असं यांगझोमला वाटलं.

दुपारी घरात कुणी नसताना ती छताच्या गाण्याला बसली. खरं गाणं, खऱ्या नावांचं. काठी म्हणून मॉपचा दांडा घेतला. चार पावलं पुढे, चार मागे. पहिलं घर आलं, नावासकट. दुसरं घर आलं. तिसऱ्याला तोंड उघडलं आणि बकरी शिडीवर चढली.

ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा बकरी.

मग तिनं तिसरं सोडून चौथं म्हणून पाहिलं. चौथं, पाचवं, दोन्ही जागच्या जागी. फक्त मधलं नाही. घराची खूण डोळ्यांपुढे होती, हात लावावा इतकी जवळ. धाब्यावर माती शिंपणारी ल्हाकी दिसत होती, आईच्या काठीचा आवाज ऐकू येत होता. आईचं तोंड हलत होतं, पण त्या तोंडातून शब्द येत नव्हते. तीन दिवस ती भांडं घासताना, माळ जपताना, ट्रामची वाट बघताना ते शब्द शोधत राहिली. प्रत्येक वेळी ती मेली बकरी.

ते कडवं जगात आणखी एकाच माणसाला येत होतं.

शनिवारी सकाळी सातला तिनं फोन लावला.

"आचा, बरी आहेस?"

"बरी. हवा कशी?"

"ऊन छान आहे. तुझ्याकडे?"

इथे यांगझोमनं "बर्फ" म्हणायचं होतं. ती म्हणाली, "ल्हाकी, आपलं छपराचं गाणं आठवतं का गं तुला? आपल्या घराचं कडवं?"

पलीकडे किटली उकळत होती.

"कसलं गाणं?"

"अगं, तू माती शिंपायचीस, मी आणि आई..."

"आचा, तुझी तब्येत बरी आहे ना?"

"तब्येतीला काय धाड भरलीय! कडवं सांग. एकच कडवं. म्हातारी झाले मी, विसरले."

किटली उतरवली गेली. मग ल्हाकी सपाट आवाजात, न थांबता, एका दमात म्हणाली:

मधल्या घराच्या छतावरी
ऊन पडे भिंतीवरी,
माती बसो, घर वसो,
हवा छान वर्षभरी.

"एवढंच?" यांगझोमनं विचारलं.

"एवढंच. थंडीत बाहेर पडू नकोस, आचा." फोन बंद झाला.

यांगझोम फोन हातात धरून उभी राहिली. कडवं तालात चोख बसत होतं. तिचंही बसलं होतं. हे कडवं ल्हाकीनं आत्ता, किटली उतरवता उतरवता रचलं होतं, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. चोराच्या वाटा चोराला ठाऊक.

"माझ्यापासून लपवते!" ती एकदम ओरडली. "सख्ख्या बहिणीपासून! मी काय परकी आहे?"

सून आतून धावत आली. "काय झालं, आमा-ला? कोण लपवतंय?"

"कुणी नाही. जा, पोळी करपतेय तुझी."

राग मिनिटभरच टिकला. ल्हाकीच्या जागी आपण असतो तर? तेहेतीस वर्षं हवेबद्दल बोलणारा एक आवाज एका सकाळी अचानक घराचं कडवं विचारतो. आचाचाच आवाज कशावरून? आणि आचाचाच असला, तर तिच्या बाजूला कोण बसलंय, ते कुणाला ठाऊक? आपण तर फोनच आपटला असता. ल्हाकीनं निदान काहीतरी हातावर ठेवलं. बहीण आपल्याला भिते, हे यांगझोमला त्या क्षणी कळलं. ती खुर्चीत बसली आणि सुनेसमोर, तोंड न झाकता रडली.

दुपारी ती छुबा, म्हणजे लांब तिबेटी झगा, घालून, कमरपट्टा आवळून निघाली. मोमोच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मागच्या ओट्याशी जिग्दल पारी लाटत होता. केस पिकायला लागले होते त्याचे. तिला पाहून तो उठला, हात पुसले.

"मो-ला? तुम्ही इथे?"

"तुझं ते यंत्र आहे का अजून? आवाज धरायचं?"

"फोनमध्येच असतं ते." त्यानं फोन काढला नाही. तिच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "कशाला हवंय?"

तिचाच प्रश्न. तिच्याच आवाजात म्हणावा इतका थंड. यांगझोमला तो लागला, पण लागायला हवाच होता.

"तुझ्याबद्दल तेव्हा जे पसरलं," ती म्हणाली, "ते मी पसरवलं होतं."

"माहीत आहे."

"माहीत आहे? कुणी सांगितलं?"

"फुर्बू पो-लांनी. आजारी होते तेव्हा मी त्यांना सूप नेऊन द्यायचो. त्यांनी सांगितलं."

"मग इतकी वर्षं रस्त्यात भेटलास की मान लववतोस ती कशाला?"

"तुम्ही वयानं मोठ्या आहात म्हणून," जिग्दल म्हणाला. त्यात गोडवा नव्हता, पण खोटंही नव्हतं.

ती पिठाच्या पोत्यावरच बसली. सगळं सांगितलं. थांगकर नावाचं गाव नाही. बकरी नाही. नावं का गिळली, ल्हाकी कोण, मास्तर कोण. मग म्हणाली, "आता खरं गाते. धर तुझ्या यंत्रात. पण छापायचं नाही. ल्हाकी आहे तोवर नाही. तुझ्यापाशी राहू दे. आणि माझ्या डेकीला एकदा ऐकव, मी गेल्यावर."

"माझ्यावर विश्वास आहे?" त्यानं विचारलं.

"नाही," यांगझोम म्हणाली. "मला जमत नाही तो. पण ठेवायचा ठरवलाय."

जिग्दलला हसू आलं. त्यानं फोन ओट्यावर ठेवला. यांगझोमनं आधी गावाचं नाव घेतलं, मोठ्यानं, आणि आपण ते उच्चारलं याचं तिलाच नवल वाटलं. मग पहिलं घर, नावासकट. जिग्दलचा पाय फरशीवर पडायला लागला, ती ठेका धरायच्या आधीच. चार पुढे, चार मागे. तिनं ते पाहिलं, पण ती थांबली नाही. दुसरं घर, नावासकट. मग ती थांबली.

जिग्दलचा पाय थांबला. "पुढे?"

"पुढे नाही."

"आठवेल, मो-ला. सावकाश. मला घाई नाही."

"नाही आठवायचं. बहिणीलाही विचारलं, ती मला सांगायची नाही." यांगझोमनं दोन्ही हात गुडघ्यांवर दाबले. "इतकं काय काय नेलं रे त्यांनी आपलं. पण हे त्यांनी नाही नेलं. याच्यावर कुणी बंदी घातली नव्हती, कुणाला ते ठाऊकसुद्धा नव्हतं. हे मी मारलं. माझ्याच घराचं कडवं. तुझ्यापासून लपवता लपवता."

जिग्दलनं तिची समजूत घातली नाही. त्यानं हातांचं पीठ झटकलं. मग त्यानं फोन तिच्या जरा जवळ सरकवला.

"मग चौथं घर सांगा," तो म्हणाला. "कुणाचं होतं?"

आणि यांगझोमनं नाव सांगितलं.